लिलावाची हाक, तरक्याची यादी

कांद्याचा लिलाव, बाजारातल्या गाळ्यांचा लिलाव, बँकेने जप्त केलेल्या घराचा लिलाव, क्रिकेटपटूंचा लिलाव. 'लिलाव' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो बाहेरून आला असेल असे वाटतच नाही. पण हा शब्द समुद्रावरून आला आहे. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला आणि तिथून तो मराठीत 'लिलाव' झाला, हिंदी-उर्दूत 'नीलाम' झाला.

गोव्यात हा लिलाव कसा चाले, याचे वर्णन यान हायगेन फान लिन्शोटेन या डच माणसाने करून ठेवले आहे. तो १५८३ साली गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी काही वर्षे नोकरीत राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये छापला गेला. तो सांगतो की गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरेतावर, सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ हा बाजार भरे. अरबी घोडे, गालिचे, मसाले, जडजवाहीर तिथे येत. गुलाम म्हणून आणलेली माणसेही तिथेच विकली जात, हेही विसरून चालणार नाही. पण या वर्णनातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोव्यात कोणी मेला की त्याच्या घरातली वस्तू न् वस्तू याच लिलावात आणली जाई आणि शेवटच्या पैपर्यंत विकली जाई. मेलेला माणूस व्हाइसरॉय असला तरी त्यातून सुटका नव्हती. कारण लिन्शोटेनने स्वतःच दिले आहे: विधवांना आणि पोरक्या मुलांना न्याय मिळावा म्हणून. चोरून, गुपचूप, ओळखीपाळखीत माल गेला तर त्यांचे नुकसान होईल. चारचौघांत मोठ्याने बोली लागली तर जो भाव आला तो सगळ्यांनी ऐकलेला असतो.

म्हणजे ज्या बाजारातून हा शब्द आपल्याकडे आला, तिथे मयताचे घर विकणे हे रोजचे काम होते.

शब्दाचा प्रवास इथे संपत नाही. पोर्तुगीज भाषेवर काही शतकांच्या अरब राजवटीचा खोल ठसा आहे. लिलावासाठी असलेला पोर्तुगीज शब्दही मुळात अरबीतून घेतला, असे अनेक कोशकार सांगतात. ते तो ऐन-लाम-मीम या धातूकडे नेतात. याच धातूपासून 'इल्म' म्हणजे ज्ञान आणि 'इलाम' म्हणजे कळवणे, जाहीर करणे हे शब्द झाले. अरबी बाजारात लिलाव पुकारणाऱ्याला 'दल्लाल' म्हणत. आपला 'दलाल' तोच. लिलावाच्या व्यवहाराला अरबीत 'मन यझीद' असेही नाव आहे. त्याचा अर्थ सरळ आहे: कोण वाढवतो? आपल्याकडचा पुकारा करणारा 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणतो तेव्हा तो तोच जुना प्रश्न विचारत असतो.

हदीस वाचणाऱ्यांना एक प्रसंग ठाऊक असेल. तो तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आले. घरात काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, एक जाडेभरडे कापड आहे, अर्धे अंगावर घेतो, अर्धे अंथरतो. आणि पाणी प्यायचे एक भांडे आहे. प्रेषितांनी (स.) दोन्ही वस्तू आणवल्या, हातात घेतल्या आणि जमलेल्यांना विचारले, कोण घेतो? एकाने एक दिरहम सांगितला. यापेक्षा जास्त कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले. दुसऱ्याने दोन दिरहम दिले आणि वस्तू त्याला गेल्या. एका दिरहमचे घरात अन्न आले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. त्या गृहस्थांनी लाकडे तोडून विकली आणि पंधरा दिवसांत दहा दिरहम मिळवले.

हा जुन्या, वापरलेल्या वस्तूंचाच लिलाव होता, आणि त्यात पुकारा करणारा विकणाऱ्याच्या बाजूने उभा होता. पहिली बोली एका दिरहमची आली तेव्हा तिथेच थांबता आले असते. घेणाऱ्याला वस्तू स्वस्तात मिळाली असती. पण पुन्हा विचारले गेले म्हणून भाव दुप्पट झाला. कुऱ्हाड आली ती त्या दुसऱ्या दिरहमची.

पुढे फकीहांमध्ये लिलावाबद्दल मतभेद झाले. एकाचा सौदा चालू असताना दुसऱ्याने मध्ये पडून भाव वाढवू नये, अशी हदीस आहे. मग लिलाव चालतो कसा, असा प्रश्न होता. बहुतेकांनी तो जायज ठरवला. दुसऱ्या हिजरी शतकातले शामचे इमाम औझाई यांनी मात्र त्याला मर्यादा घातली. त्यांच्या मते लिलाव दोनच ठिकाणी चालतो: युद्धात मिळालेल्या मालाचा आणि वारशाच्या मालाचा. या दोन्ही जागी मालाचे मालक अनेक असतात आणि त्यातले कित्येक तिथे हजर नसतात. भाव उघड ठरला नाही तर हजर असलेला गैरहजर असलेल्याला फसवणार. म्हणजे ज्यांना लिलावच फारसा पसंत नव्हता, त्यांनीही मयताच्या मालाला तो लागू केला.

मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेला आपण 'तरका' म्हणतो. म्हणजे सोडून गेलेले. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से. बायकोचे मेहर द्यायचे राहिले असेल तर तेही कर्जच. ते वाटणीच्या आधी द्यायचे असते. सूरह निसामध्ये पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही हिस्सा सांगितला आहे आणि मालमत्ता थोडी असो वा जास्त, तो हिस्सा आहेच, हेही सांगितले आहे. हे 'थोडी असो वा जास्त' आपण विसरतो. शेत आणि घर यांचाच हिशेब होतो. तांब्याचा हंडा, शिवणाचे मशीन, कपाटातली पुस्तके यांचा कोण करतो?

हा क्रम किती गंभीरपणे पाळला जाई याचे उदाहरण म्हणजे हजरत झुबैर (र.) यांचा तरका. ते ६५६ साली मारले गेले. लोक त्यांच्याकडे ठेवी आणून देत. ठेव म्हणून ठेवली आणि हरवली तर लोकांचे नुकसान, म्हणून ते ती रक्कम कर्ज म्हणून घेत. त्यामुळे मृत्यूच्या वेळी कर्ज बावीस लाखांचे निघाले, आणि हातात रोकड काहीच नाही. मुलाने, अब्दुल्लाह यांनी, मदिन्याजवळची 'गाबा' ही जमीन विकायला काढली. वडिलांनी ती एक लाख सत्तर हजारांना घेतली होती. ती सोळा लाखांना गेली. कर्ज फिटल्यावर भावंडे म्हणाली, आता वाटणी करा. अब्दुल्लाह यांनी नकार दिला. चार वर्षे, प्रत्येक हजच्या वेळी, त्यांनी जमलेल्या लोकांत पुकारा केला की झुबैर यांच्याकडे कोणाचे येणे असेल त्याने यावे. चार हज उलटले आणि मगच वारसांना हिस्से मिळाले. ही हकीकत बुखारीत तपशिलाने आली आहे. कागद, टपाल, वर्तमानपत्र यातले काही नव्हते. पुकारा हेच जाहीर करण्याचे साधन होते.

मुंबईच्या चोर बाजाराबद्दल सांगतात की त्याचे मूळ नाव 'शोर बाजार' होते. गोंगाटामुळे पडलेले नाव इंग्रजांच्या तोंडी 'चोर' झाले. हे खरे की नंतर रचलेले, या वादात शिरायचे कारण नाही. पण लिलावाचा इतिहास वाचताना मला ही दोन नावे फार जवळची वाटतात. मयताचा माल मोठ्याने विकला तर तो शोर. गुपचूप विकला तर त्यात चोरी शिरायला वाव राहतो.

आता घेणाऱ्याकडे वळू. कारण असल्या बाजारात आपण बहुतेक जण घेणारेच असतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत शुक्रवारी सकाळी मटन स्ट्रीटच्या आसपास माल मांडलेला असतो. मीही अशा बाजारांत जातो. 'दोनशेचे वीस रुपयांत मिळवले' हा आनंद खोटा नाही. मोलभाव करणे गुन्हा नाही. पण भाव पाडण्याच्या आणि चढवण्याच्या काही रीती हदीसने थेट मना केल्या आहेत. घ्यायचे नसताना खोटी बोली लावून भाव चढवणे याला 'नज्श' म्हणतात, ते मना आहे. यतीमाचा माल अन्यायाने खाणाऱ्याबद्दल कुरआनमध्ये जी ताकीद आहे, तिच्यापेक्षा कडक शब्द क्वचितच सापडतील. मयताच्या घरातली वस्तू तिच्या किमतीपेक्षा फारच कमी भावाने उचलली, आणि विकणाऱ्याला ती काय आहे हे ठाऊकच नव्हते, तर तो फरक कोणाच्या ताटातून आला, हा प्रश्न उरतोच.

इमाम अबू हनीफा कूफ्यात रेशमी कापडाचा व्यापार करत. त्यांच्याबद्दल सांगतात की एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि शंभर मागू लागली. ते म्हणाले, याची किंमत जास्त आहे. तिने दोनशे सांगितले, मग तीनशे, मग चारशे. ते म्हणतच राहिले, याहून जास्त. बाईला वाटले, आपली थट्टा चालली आहे. तेव्हा त्यांनी किंमत ठरवायला जाणकार माणूस बोलवायला सांगितला आणि वस्त्र पाचशेला घेतले. सगळ्यांना हे जमणार नाही हे मान्य. पण आपल्या परंपरेत 'हुशार गिऱ्हाईक' म्हणून कोणाची आठवण ठेवली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अंदलुसच्या इतिहासकारांपैकी अल-मक्करीने इब्न रुश्द यांचे एक निरीक्षण नोंदवले आहे. सेव्हिल थोर की कॉर्डोबा थोर, या वादात इब्न रुश्द म्हणाले, थोरपण मला ठाऊक नाही. पण सेव्हिलमध्ये विद्वान मेला की त्याची पुस्तके विकायला कॉर्डोबाला नेतात आणि कॉर्डोबात गवई मेला की त्याची वाद्ये विकायला सेव्हिलला नेतात. शहराची आवड मयताच्या मालाचा बाजार पाहून ओळखावी, असा याचा अर्थ.

त्याच ग्रंथात अल-हद्रमी नावाच्या एका पुस्तकवेड्याची तक्रार आहे. एक दुर्मिळ पुस्तक तो कॉर्डोबाच्या बाजारात कित्येक दिवस शोधत होता. शेवटी ते लिलावात आले. तो बोली लावतो आणि समोरचा ती वाढवतो, असे होत होत भाव पुस्तकाच्या मोलापलीकडे गेला. एवढी बोली लावणारा कोणी मोठा विद्वान असणार म्हणून त्याने त्या माणसाची भेट घेतली. समोर उंची कपड्यातला एक गृहस्थ. तो म्हणाला, पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण मी घरी मोठे ग्रंथालय थाटले आहे, त्यात एवढ्या आकाराची एक जागा रिकामी आहे, आणि याची बांधणी सुरेख आहे. हद्रमी हात हलवत परतला. त्याची हळहळ खरी आहे. पण मयताच्या वारसांच्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी लिलावाने आपले काम चोख केले होते. पुस्तक योग्य वाचकाकडे जाणे आणि वारसाला योग्य भाव मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही साधायच्या तर लिलावाच्या जोडीला आणखी काहीतरी लागते.

ते काय, हे जेरुसलेममध्ये सापडलेल्या कागदांवरून कळते. तिथल्या हरम शरीफच्या आवारातल्या इस्लामी संग्रहालयात १९७४ ते १९७६ च्या दरम्यान सुमारे नऊशे जुने कागद सापडले. बहुतेक चौदाव्या शतकातले, ममलूक सुलतानांच्या काळातले. त्यात जवळपास निम्मे कागद एकाच प्रकारचे आहेत: मयताच्या किंवा मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या याद्या. काजीच्या हुकमाने साक्षीदार घरी जात आणि अंथरूण, गोधडी, पातेले, अंगरखा, उशी असे एकेक लिहून काढत. वारस कोण, कुठे आहेत, देणे कोणाचे, येणे कोणाकडून, हेही लिहीत. या याद्यांत आमीर-उमराव थोडे. साधी माणसे, एकट्या राहणाऱ्या बायका, दूरदेशाहून आलेले यात्रेकरू भरपूर आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांबद्दल जगात दुसरीकडे कुठेही एक ओळ नसेल. त्यांची आठवण म्हणून काय उरले, तर त्यांच्या भांड्याकुंड्यांची यादी.

त्यात बुरहानुद्दीन इब्राहिम नावाच्या एका कुरआन पढणाऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब आहे. हा माणूस १३८७ साली वारला. शहरातल्या निरनिराळ्या संस्थांत थोड्या थोड्या पगारावर पठणाची कामे करून तो पोट भरत असे. मोठा आलिम म्हणून त्याचे नाव कुठल्या चरित्रकोशात गाजलेले नाही. पण त्याच्याकडे तीनशेच्या आसपास पुस्तके होती. मृत्यूनंतर ती घरच्या सामानासह विकली गेली आणि विकताना काय, कोणाला, कितीला, हे लिहून ठेवले गेले. हिशेबनीसांच्या घाईच्या, तोडक्या लिपीतला तो कागद वाचणे अभ्यासकांना जड गेले. सईद अल-जुमानी आणि कोनराड हिर्शलर यांनी त्यावर २०२३ मध्ये संपूर्ण ग्रंथ लिहिला. छापखाना येण्याच्या कितीतरी आधी, बेताच्या कमाईच्या एका कारीने तीनशे पुस्तके बाळगली होती, हे आज आपल्याला कळते ते केवळ त्या विक्रीच्या यादीमुळे. पुस्तके तर त्याच वेळी दहा घरांत पांगली. ग्रंथालय मोडले, पण ते होते ही गोष्ट मोडली नाही.

हाक आणि यादी. हाकेने वारसाचा हक्क राखला जातो, यादीने मयताची ओळख. दोन्ही असतील तर घर विकणे ही वाईट गोष्ट नाही. उलट वस्तू फिरत्या राहतात, गरजवंताला परवडतात, पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते.

दोन्ही नसतील किंवा सत्तेच्या हाती गेल्या तर काय होते, याचेही दाखले आहेत. जहांगीरने गादीवर येताच काढलेल्या बारा हुकमांत मयताच्या वारसांच्या मालाला कोणी हात लावू नये, असा एक हुकूम होता. प्रत्यक्षात मनसबदार मेला की त्याच्या मालमत्तेवर सरकारी मोहोर लागणे चालूच राहिले. फ्रेंच प्रवासी बर्नियर यावर एक किस्सा सांगतो. शाहजहानच्या दरबारातला नेकनाम खान नावाचा एक म्हातारा उमराव. मरण जवळ आलेले पाहून त्याने आपली दौलत गुपचूप विधवांना आणि गरजू शिपायांना वाटून टाकली. पेट्यांत जुने लोखंड, हाडे, फाटके जोडे आणि चिंध्या भरल्या, वर मोहोर लावली आणि हा माल बादशहाचा आहे असे सांगून ठेवले. तो वारल्यावर पेट्या भर दरबारात उघडल्या गेल्या. बर्नियरच्या किश्शांत मीठमसाला असतो. पण जप्तीबद्दल लोकांच्या मनात काय होते ते यातून चांगले कळते.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला नागपूरचा आहे. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर वाड्यातल्या मालाची पाळी आली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले गेले. भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत विकले गेले. सामान हलवू लागले तेव्हा वाड्यातल्या राणीने वाड्याला आग लावण्याची धमकी दिली. विक्रीतून आलेला पैसा भोसले कुटुंबासाठीच ठेवला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण १८५७ चा इतिहास लिहिणाऱ्या जॉन केने, जो स्वतः इंग्रज होता, नोंदवले आहे की राज्य घेतल्यापेक्षा या विक्रीने लोकांची मने जास्त दुखावली. इथे हाकही होती आणि यादीही होती. फक्त विकणारा वारस नव्हता. लिलावाचे रूप तेच, पण त्यामागचा हेतू उलटा झाला होता. विधवेच्या रक्षणासाठी असलेली रीत विधवेच्याच डोळ्यांदेखत तिच्या घरावर चालवली गेली.

आज असे कोणी राज्य खालसा करत नाही. आपली घरे आपणच रिकामी करतो. जुन्या मोहल्ल्यातला वाडा किंवा चाळ पुनर्विकासाला जाते. कोकणातल्या घराला कुलूप, मुले आखातात किंवा मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये. दादाजान वारले की चाळिसाव्यापर्यंत सगळे थांबतात, मग एक दिवस टेम्पो येतो. तांबे-पितळ वेगळे, लाकूड वेगळे, आणि कागद रद्दीत, किलोवर. पुस्तके उर्दू-फारसीत, कागद मोडीत, आणि घरात दोन्ही लिप्या वाचणारे कोणी उरलेले नाही. त्या ढिगात सनद असते, वक्फनामा असतो, आजीचा निकाहनामा असतो ज्यावर मेहर किती ते लिहिलेले आहे, जहाजावर नोकरी केलेल्या पणजोबांची पुस्तिका असते. माझ्याकडे जुन्या बाजारातून तीस रुपयांना घेतलेली एक वही आहे. तिच्या पहिल्या पानांवर किराणा मालाचा हिशेब आहे, मराठीत. शेवटच्या पानांवर उलट्या बाजूने, उर्दूत, एका घरातले तीन पिढ्यांचे जन्म आणि मृत्यू लिहिले आहेत, हिजरी तारखांसह. काही नोंदींपुढे प्लेग एवढाच शब्द आहे. मराठी मुसलमानांचा इतिहास कुठे आहे, असे आपण सभांमधून विचारतो. तो असा वहीच्या मागच्या पानांवर असतो आणि किलोच्या भावाने जातो.

ज्यांनी हे ओळखले त्यांनी काय केले, हेही पाहावे. वि. का. राजवाडे गावोगाव, घरोघर फिरले. माळ्यांवरचे, अडगळीतले कागद मिळवून त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली. पाटण्याच्या खुदाबख्श खान यांना वडिलांकडून सुमारे चौदाशे हस्तलिखिते मिळाली होती. त्यांनी ती चार हजारांवर नेली आणि १८९१ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले. हस्तलिखिते शोधायला त्यांनी एका अरब माणसाला पगारावर ठेवले होते; तो वर्षानुवर्षे कैरो, दमास्कस, बैरूतचे बाजार धुंडाळत राहिला. असेही सांगतात की हस्तलिखित घेऊन पाटण्याला येणाऱ्याला खुदाबख्श रेल्वेचे दुप्पट भाडे देत, मग सौदा होवो वा न होवो. स्वस्तात मिळवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. वस्तू दारापर्यंत यावी आणि आणणाऱ्याने फसलो असे म्हणू नये, हा होता. आज ते ग्रंथालय उभे आहे.

आपल्या घरी हे कसे करायचे? काम मोठे नाही. मयताचे घर आवरायच्या आधी एक वही घ्यावी आणि दोन माणसांनी बसून जे आहे ते लिहावे. भांडी, कपाटे, दागिने, पुस्तके, कागद. पुस्तकाचे नाव वाचता येत नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढावा. मशिदीचे मौलाना किंवा मोडी शिकलेला एखादा विद्यार्थी वाचून देईल. यादी सगळ्या वारसांना दाखवावी, सासरी गेलेल्या बहिणींनाही, कारण त्यांचा हिस्सा पितळेच्या परातीतही आहे. कोणाला आठवण म्हणून काही ठेवायचे असेल तर किंमत धरून त्याच्या हिश्श्यात द्यावे. वाटणीच्या वेळी हजर असलेल्या गरजूंनाही काही द्यावे आणि त्यांच्याशी गोड बोलावे, असे कुरआन सांगतो. ते या वेळी आठवावे. मग उरलेले विकावे. रद्दीवाल्याला विकायच्या आधी एकदा मोहल्ल्यात, नातेवाइकांच्या ग्रुपवर, एखाद्या ग्रंथालयात विचारावे: कोणी घेणार आहे का? दोन-तीनदा विचारावे.

आणि आपण घेणारे असू तर, वस्तू हातात घेतल्यावर ती कोणाच्या घरची, एवढे विचारावे. उत्तर मिळाले तर ते वस्तूच्या आत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. ती काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर सांगावे, त्याने भाव वाढला तरी. एवढे करूनही सौदा स्वस्त पडला तर तो आनंदाने घरी न्यावा.